अकरा वाजताची दोन मिनिटं

तुमचं काम काय होतं असं कुणी विचारलं की मी सांगतो, भोकं पाडायचं. ऐकणारा हसतो. मग मला खुलासा करावा लागतो. नोकरी सुटून सव्वीस वर्षं झाली तरी तो खुलासा काही चुकला नाही, म्हणून इथंही आधी तोच करून टाकतो.

सोलापुरी चादरीच्या काठावर हत्ती असतात, मध्ये वेलबुट्टी असते. ती कुणी हातानं काढत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे त्या यंत्राला पुठ्ठ्याची लांबट कार्डं सांगतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. चादरीतल्या एकेका आडव्या धाग्याला एकेक कार्ड. एका नक्षीला हजारभर कार्डं सहज लागतात. नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवलेली असते. तो कागद समोर लावायचा, एकेक ओळ वाचायची, बोटांनी कळा दाबायच्या आणि पायानं पायडल हाणायचं. खट्. एक कार्ड झालं. ती कार्डं मग बायका दोऱ्यानं एकमेकांना ओवतात आणि त्यांची माळ मागावर चढते. एक भोक चुकलं तर हत्तीच्या सोंडेवर पांढरा टिपका येतो, आणि तो एका चादरीवर येत नाही, त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीवर येतो.

तेव्हा माझं काम नजरेचं आणि डोकं ठिकाणावर ठेवण्याचं होतं. आणि नेमकं तेच माझ्या हातात नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी मला साखरेचा आजार निघाला. गोळीवर भागणारा नव्हे, रोज सुई टोचून घ्यायचा. साखरेचा आजार म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, कारल्याचा रस आणि फुकटचा सल्ला. 'गोड बंद करा' हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की त्या सगळ्यांना एकामागे एक उभं केलं तर रांग सात रस्ता चौकापर्यंत जाईल. खरी अडचण उलटीच असते, हे कुणी ऐकूनच घेत नाही. सकाळी इंजेक्शन घेतलं की ते औषध रक्तातली साखर खात सुटतं. वेळेवर पोटात काही गेलं नाही तर ते थांबत नाही, खातच राहतं. मग माणसाला दरदरून घाम फुटतो, हात कापतात, जीभ जड होते, तो भलतंच बोलायला लागतो आणि शेवटी पडतो. अशा वेळी त्याला साखरच द्यावी लागते, ताबडतोब.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरात फ्रीज नव्हता. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असायची. काचेची पिचकारी आई रोज सकाळी पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली की मी ती दगडावर घासायचो. सात वाजता इंजेक्शन, आठला भाकरी, अकराला थोडं काहीतरी, एकला जेवण. डॉक्टरांनी मला हे वेळापत्रक पाठच करून घेतलं होतं. "कारखान्याचा भोंगा चुकला तर पगार कापतील," ते म्हणाले होते, "पण हे चुकलं तर तू जाशील."

आठ आणि एक वाजताच्या वेळा माझ्या हातात होत्या. अकराची मास्तरांच्या हातात होती.

कार्ड खात्याचे मास्तर म्हणजे शंकरराव. पन्नाशीचे, अंगानं सडपातळ, कानावर कायम लाल पेन्सिल. माणूस कारागीर म्हणून अव्वल होता. नक्षीचा कागद उलटा धरला तरी ते वाचायचे. कार्डाच्या माळेवर नुसता अंगठा फिरवून चुकलेलं भोक काढायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि नीट शिकवलं. वैताग याचाच की ज्याच्याबद्दल आदर वाटावा तोच माणूस रोज सकाळी अकरा वाजता माझा छळ करायचा.

खात्यात खायचं नाही असा नियम होता आणि तो बरोबरच होता. सांडलेल्या कणांवर उंदीर येतात आणि उंदीर कार्डं कुरतडतात. म्हणून मी यंत्रापाशी कधीच खाल्लं नाही. बाहेर व्हरांड्यात जायचं, अर्धी कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर चावायची, वर गुळाचा खडा, की परत. सगळी मिळून दोन मिनिटं. बिडी ओढायला जाणारे दहा मिनिटं जायचे, त्यांना कुणी हटकत नसे.

पहिल्या महिन्यातच मी मास्तरांना आजार सांगितला होता, खालच्या आवाजात. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्याला माहीत झालं.

"काय साखरसम्राट, निघाली का स्वारी?" मी उठलो की मास्तर मोठ्यानं म्हणायचे. साखर कारखान्याच्या चेअरमन लोकांना पेपरात साखरसम्राट म्हणायचे, ते त्यांनी मला चिकटवलं. त्या वर्षांत साखर रेशनवर होती, त्यामुळे विनोद जास्तच रंगायचा. "आमाला रेशनवर मिळंना, आन ह्याच्या अंगातनं वाहून चाललीय!"

नावाचं मला फारसं वाटत नसे. पण पुढं परवानगी सुरू झाली. उठायच्या आधी विचारायचं. विचारलं की मास्तर ऐकलंच नाही असं करायचे, कागदावर वाकून बसायचे. पुन्हा विचारलं की, "एवढी ओळ होऊ दे." ओळ झाली की, "आता ही." कधी अकराला पाच कमी असताना सूतगिरणीच्या गोदामातून काहीतरी आणायला पाठवायचे. दसऱ्याला पेढे वाटले तेव्हा सगळ्यांसमोर माझ्या तोंडाशी पेढा धरून म्हणाले, "खा की! का मास्तरच्या हातचं चालत न्हाय?" खाल्ला तर संध्याकाळी लघवी तपासताना नळीतलं औषध विटकरी होणार, म्हणजे साखर चढलेली; नाही खाल्ला तर मी शिष्ट. नको तेव्हा पेढा आणि हवा तेव्हा गुळालासुद्धा मनाई. एवढं उरफाटं वागायला डोकं लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

खात्यात मला सरळ प्रश्न विचारणारी एकच बाई होती, नरसव्वा. ती कार्डं ओवायची. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी. एकदा व्हरांड्यात माझ्या शेजारी बसून म्हणाली, "वसंता, तुला नेमकं काय होतंय रे? हे लोक कायबाय बोलतेत. तू सांग मला."

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आन तू पडला तर मी काय करायचं?"

"तोंडात साखर घालायची. चहावाल्याकडं असती."

"बरं," ती म्हणाली आणि कामाला गेली. नातेवाइकांनीही मला हे कधी विचारलं नव्हतं.

नंतर एकदा माझ्या पिशवीतला पिचकारीचा डबा मास्तरांच्या हाती लागला. त्या दिवशी मी ती दुरुस्तीला न्यायची म्हणून बरोबर आणली होती. त्यांनी डबा उघडला, सुई बोटात धरून सगळ्यांना दाखवली. नुसत्या भुवया उडवल्या. आठवड्याभरात वसंता कसलीतरी नशा टोचून घेतो असं मागावरचे लोकही बोलायला लागले.

आणि मग तो दिवस आला. दिवाळीच्या मालाची घाई होती. हत्तींच्या काठाची नवीन नक्षी संध्याकाळपर्यंत मागावर चढवायची होती. अकरा वाजता मी हात वर केला.

"आज उठायचं न्हाय कुणी," मास्तर म्हणाले.

"मास्तर, दोन मिनिटं."

"दोन मिनिटात चार कार्डं होतेत."

"मला चक्कर येईल."

"येऊ दे की. बसूनच हायस न्हवं?"

मी तेव्हा उठून चालू पडायला हवं होतं. आज हे लिहिताना मला मास्तरांपेक्षा माझाच राग जास्त येतो. पण नोकरीला तीन वर्षं झाली होती, घरात कमावता मी एकटा होतो आणि मास्तरांपुढं मान वर करायची सवय नव्हती. मी बसून राहिलो. साडेअकराच्या सुमाराला चौकटी हलायला लागल्या. कपाळावरचा घाम कार्डावर पडला. मी गुळाची पुडी चाचपली तर पिशवी जागेवर नव्हती. ती मास्तरांनी सकाळीच 'उंदीर होतात' म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी उभा राहिलो. यंत्राला धडकलो. काहीतरी बोललो, जिभेला बोलता येत नव्हतं. मास्तरांचा आवाज ऐकू आला, "बघा! दिवसाढवळ्या पिऊन आलाय! काढा बाहेर याला!"

दोघांनी बखोटीला धरून मला फाटकाबाहेर नेऊन बसवलं. मागून नरसव्वा धावत आली ती चहावाल्याकडची वाटीभर साखर घेऊनच. तिनं माझं तोंड उघडून चिमूट चिमूट साखर आत कोंबली. म्हणे मी तिच्या बोटाला चावलो. दहा-पंधरा मिनिटांनी मला फाटक दिसायला लागलं, आणि फाटकाशी जमलेली माणसंही.

दुपारी माझ्या हातात कागद आला. कामावर दारू पिऊन आल्याबद्दल काम बंद. शिवाय शेवटची चाळीस कार्डं चुकीची पाडली, तो ठपका वेगळा.

आमच्या पेठेत बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आई दारातच उभी होती. माझं तोंड हुंगलं तिनं. माझ्याच आईनं. दारूचा वास नाही हे तिला कळलं आणि ती आत जाऊन रडत बसली. पुढच्या आठवड्यात अक्कलकोटकडून आलेलं स्थळ परत गेलं. त्यांनी कारण कळवलं नाही.

दिवाळी सरल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी मालकांकडे गेलो. मालक नारायणशेठ. स्वतः हातमागावर बसून वर आलेले, कमी बोलणारे. त्यांनी चिठ्ठी मास्तरांकडे दिली. मास्तर वाचून म्हणाले, "असल्या चिठ्ठ्या लिवून मिळतेत, शेठ. मी माज्या डोळ्यांनी बघितलं. झुलत हुता."

"शेठ, मी आयुष्यात दारू पिलो नाही," मी म्हणालो.

"सगळेच असं म्हणतेत रे," शेठ म्हणाले. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. त्या कंटाळ्यानं माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "तर मग तुमच्यासमोर करून दाखवतो. उद्या सकाळी मी इथं येऊन बसतो. रोजचं इंजेक्शन, रोजची भाकरी. फक्त अकराचं खाणं नाही. तुमच्या डोळ्यासमोरून हलणार नाही. दारू कुठनं येती ते तुम्हीच बघा."

मी हे डॉक्टरांना सांगितलं नाही, आईला तर नाहीच. फक्त नरसव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "अय्यो, याड लागलं का तुला?" आणि दुसऱ्या दिवशी पदराला साखरेची पुडी बांधून आली.

शेठच्या केबिनमध्ये मी लाकडी खुर्चीवर बसलो. शेठ पत्रं वाचत होते. मास्तर मध्येमध्ये येऊन दारातून बघून जायचे. दाराशी जमिनीवर नरसव्वा बसलेली, तिला शेठनी हाकललं नाही. अकरा वाजले. सव्वाअकरा. काहीच होईना. इतकी वर्षं ज्या गोष्टीला मी भीत आलो तिची मी त्या दिवशी वाट बघत होतो, आणि ती येत नव्हती. साडेअकराला मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "काय शेठ, आज हुशारच दिसतंय की पोरगं." मला घाम फुटला. तो भीतीचा की आजाराचा, मलाही कळेना.

पुढचं मी पाहिलं नाही, नरसव्वाकडून ऐकलं. मी आधी हसायला लागलो म्हणे. मग शेठना 'आई' म्हणून हाक मारली. टेबलावरचा पेपरवेट उचलून खिशात घातला आणि मागितला तर देईना. मास्तर ओरडले, "नाटक! नाटक करतंय!" तेव्हा शेठ उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला. थंडीचे दिवस होते. माझा सदरा पिळून काढावा इतका ओला झाला होता.

"मास्तर," शेठ म्हणाले, "घामाचं नाटक करता येत नाही." मग नरसव्वाकडे बघून ओरडले, "बघत काय बसलीस? दे की त्याला!"

मी शुद्धीवर आलो तेव्हा तोंड चिकट झालं होतं आणि शेठ माझ्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे रोज होतंय?"

"नाही शेठ. खाल्लं तर होत नाही."

"मग एवढंच होय," ते म्हणाले.

एवढंच. तेच मी तीन वर्षं सांगत होतो.

संध्याकाळी डॉक्टरांना कळलं. त्यांनी मला दवाखान्यात सगळ्या पेशंटांसमोर झापलं. "मेला असतास गाढवा! तुझ्या अब्रूसाठी मेला असतास!" ते खरंच होतं. हे वाचून कुणी असलं काही करू नये. मी जिंकलो म्हणून ते शहाणपण ठरत नाही.

मला कामावर घेतलं. अकराची दोन मिनिटं मालकांच्या हुकमानं माझी झाली. मास्तरांना कुणी काही बोललं नाही. ते कारखान्याच्या पायापासूनचे. त्यांनी माझी माफी मागितली नाही आणि पुन्हा मला साखरसम्राटही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. काम द्यायचं ते टेबलावर ठेवून जायचे. नवीन नक्ष्या दुसऱ्यांना, मला जुन्या फाटक्या माळा दुरुस्त करायला. असली दोन वर्षं काढली. शिव्या परवडतात, असलं मुकं वागणं नाही परवडत.

त्याच दोन वर्षांतली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही.

मागावर इमामभाई होते. चाळिशीचे, थट्टेखोर, दखनीत बोलणारे. सुताच्या कणांनी त्यांना दमा जडला होता. तासातून एकदा तरी माग थांबवून दाराशी जाऊन श्वास घ्यायला लागायचा. मागांवरही तेव्हा शंकरराव मास्तरांचीच देखरेख होती. त्यांनी इमामभाईंना 'हवाखाऊ' नाव ठेवलं. मग वेळा मोजणं सुरू झालं. मग कामचुकारपणाचा कागद. मला त्यातली पुढची प्रत्येक पायरी आधीच माहीत होती. एका दुपारी इमामभाई माझ्याकडे आले.

"वसंतभाई, तुम सेठ से बात करो ना. तुमारी सुनते वो."

"बघतो," मी म्हणालो.

मी बघितलं नाही. आत्ता कुठं टेकलो होतो. पुन्हा मास्तरांच्या डोळ्यावर यायची हिंमत नव्हती. महिन्याभरानं इमामभाईंना काढलं.

पुढं मास्तर निवृत्त झाले, नव्या नक्ष्या पुन्हा माझ्याकडे आल्या. एक दिवस बाजारात इमामभाई भेटले. हातगाडीवर केळी विकत होते. बारीक झाले होते, पण तसेच हसरे. मी म्हणालो, "तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं, इमामभाई."

त्यांनी केळ्यांवरची माशी हाकलली. म्हणाले, "जाने दो. तुमारा मुंह शक्कर खानेकूच खुलता."

आणि हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो? त्यांनी दोन केळी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यानंतर कारखान्यात आजारपणावरून कुणाला काढायची गोष्ट निघाली की मी शेठच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहायला लागलो. नोकरी संपेपर्यंत चार वेळा गेलो. दोनदा ऐकलं गेलं, दोनदा नाही. पहिल्यांदा गेलो तो इमामभाईंसाठीच, केळी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला खिडकीपाशी नेलं. खाली मागांची रांग दिसत होती. इमामभाईंच्या मागावर नवीन माणूस बसून दीड वर्ष झालं होतं. मी कार्डं पाडलेल्या नक्षीचे हत्ती तो भराभर विणत होता, आणि त्याला काढून इमामभाईंना घ्या असं म्हणायला माझी जीभ उचलेना.